विंचेस्टर ६९-ए: जुनी .२२ खारीच्या शिकारीसाठी तयार करताना

जुनी .२२, म्हणजे साधारण ०.२२ इंच व्यासाच्या नळीची रायफल घरी आली की हात आधी दस्त्याकडे जातो. लाकूड घासावं, तेल द्यावं, चकाकी आणावी. तो मोह आवरा. नेम बिघडलेला असतो तो नळीच्या आत, चेंबरच्या (काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या जागेच्या) काठाशी आणि नळीच्या तोंडाशी. मी एक विंचेस्टर ६९-ए हिवाळ्यात उघडली आणि ती सप्टेंबरात रानात नेण्याजोगी झाली. त्या कामाचा क्रम खाली दिला आहे. क्रम ठरवताना एकच पथ्य पाळलं: जे पुन्हा पूर्ववत करता येतं ते आधी करायचं. कापणं, भोक पाडणं, पोलाद घासून काढणं हे साफसफाई आणि काडतुसं आजमावल्यानंतर, आणि गरज असेल तरच.

विंचेस्टर मॉडेल ६९ बाजारात आलं १९३५ साली. दोन-तीन वर्षांत सुधारित ६९-ए आलं आणि १९६३ साली उत्पादन थांबलं. साडेतीन लाखांच्या आसपास रायफली बनल्या, त्यामुळे अमेरिकेतल्या जुन्या बंदुकांच्या दुकानांत ती अजून सहज दिसते. २५ इंची नळी, अक्रोडाचा दस्ता, पाच काडतुसांचं काढता येणारं मॅगझिन, वजन सहा पौंडांच्या आतबाहेर. मूळच्या ६९ मध्ये बोल्ट (काडतूस आत ढकलणारा, मागेपुढे सरकणारा दांडा) बंद करताना स्प्रिंग दाबली जाते, ६९-ए मध्ये बोल्ट उघडताना. झाडाला टेकून बसलेलं असताना दुसरी गोळी आवाज न करता भरायची असेल तर ६९-ए बरी. पेनसिल्व्हेनियातल्या ओक आणि हिकरीच्या रानात करड्या खारीसाठी बसायचं तर मला याहून जड किंवा याहून महाग रायफल लागत नाही.

भारतातल्या वाचकांसाठी सांगतो, हे सगळं अमेरिकेतलं आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, ते योग्यच झालं. शेकरू तर महाराष्ट्राचा राज्यप्राणी. अमेरिकेतली करडी खार साधारण अर्धा किलोची. तिच्या शिकारीचा ठरलेला हंगाम आणि रोजची ठरलेली संख्या असते, आणि मांस खाल्लं जातं. कॉलेजात एनसीसीमध्ये पॉइंट टू-टू झाडलेल्यांना काडतूस ओळखीचंच आहे.

कायद्याचं थोडक्यात. परवानाधारक विक्रेत्याकडून रायफल घेताना ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. ग्रीन कार्डवाल्यांना रायफल घेता येते. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना मुळात बंदी आहे, पण वैध शिकार परवाना हा त्याला एक अपवाद. हा परवाना पहिल्यांदा घेताना शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. राज्याचे नियम वेगळे, ते वेगळे तपासावेत. ६९-ए वर अनुक्रमांक नसतो. तो असणं कारखान्यांना सक्तीचं झालं १९६८ च्या कायद्याने, त्याआधीच्या स्वस्त .२२ वर नसणं ही साधी गोष्ट आहे. मात्र जिथे असलेला क्रमांक घासून काढल्याच्या खुणा दिसतील, त्या रायफलीला हातसुद्धा लावू नये.

दुकानात पाहायच्या गोष्टी. आधी मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, चेंबरमध्ये बोट घालून रिकामं आहे हे पाहा. मग बोल्ट पूर्ण बाहेर काढून नळीत मागून उजेड टाका. मळ, शिसं आणि काळेपणा यांनी घाबरायचं कारण नाही, ते निघतात. खड्डे वेगळे. १९२७ च्या सुमारास गंज न धरवणारे प्रायमर, म्हणजे काडतूस पेटवणारी मिश्रणं, अमेरिकेत येऊ लागली. त्याआधीच्या काडतुसांच्या प्रायमरमधला क्षार नळीत ओल धरून ठेवायचा आणि आतून पोलाद खायचा. म्हणून १९३० पूर्वीच्या रायफलींच्या नळ्या बहुतेकदा खड्ड्यांनी भरलेल्या मिळतात, ६९-ए च्या सहसा नाहीत. नळीच्या मध्ये कुठे गडद कडं दिसलं तर तो फुगवटा आहे: एक गोळी आत अडकली आणि तिच्यामागे दुसरी झाडली गेली. घट्ट चिंधी दांडीवरून ढकलताना एका जागी एकदम सैल पडते, तीच ती जागा. अशी रायफल तिथेच ठेवून यावी. स्क्रूंच्या खाचा कुरतडलेल्या असल्या तर आधी कुणीतरी चुकीच्या मापाच्या स्क्रू-ड्रायव्हरने उघडलेली आहे. दस्त्यावर रिसीव्हरच्या, म्हणजे बोल्ट सरकतो त्या पोलादी घराच्या, मागे बारीक चीर पाहा. जास्तीची भोकं मोजा. माझ्या रायफलीला आधीच्या मालकाने डाव्या बाजूला रिसीव्हर-साईटसाठी (रिसीव्हरवर बसणारी, भोकातून नेम धरायची साईट) दोन भोकं पाडली होती. संग्राहकाच्या दृष्टीने ती खोट होती. मला ती उपयोगी पडली, कारण आणखी भोक पाडायची गरज उरली नाही.

घरी पहिलं काम बोल्टचं. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचं तेल आत वार्निशसारखं घट्ट होतं. फायरिंग पिन त्यात चिकटून हळू पुढे जाते, काडतुसाच्या कडेला उथळ खूण पडते आणि गोळी सुटत नाही. लोक काडतुसांना दोष देतात. बोल्ट उघडून सगळे भाग मिनरल स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवले, पितळी ब्रशने घासले, वाळवले आणि फायरिंग पिनवर तेलाचा एकच पातळ हात फिरवला. जास्त तेल लावलं तर थंडीत तेच घट्ट होतं आणि आपण होतो तिथेच परत येतो. स्प्रिंग बदलायची घाई करू नका. साफ केल्यावर दहा काडतुसांच्या कडेवर सारखी, खोल खूण आली तर जुनी स्प्रिंग चांगली आहे.

मग चेंबर. रिकाम्या रायफलीचा चाप कुणीतरी वर्षानुवर्षं ओढलेला असतो. .२२ मध्ये पिन काडतुसाच्या कडेवर आदळते. काडतूस नसेल तर ती थेट चेंबरच्या काठावर आदळू शकते. तिथे खाच पडते आणि त्या जागचं पोलाद चेंबरच्या आत फुगून येतं. लक्षणं ठरलेली: काडतूस बोटाने आत सरकत नाही, रिकामी पुंगळी ओढताना अडते आणि तिच्या एका बाजूला लांब ओरखडा असतो. यावर कानस किंवा रीमर चालवू नये. पोलाद कापलं की तिथे पोकळी राहते आणि पुंगळीचं पितळ तिच्यात फुगतं. चेंबर आयर्निंग टूल नावाची निमुळती, कठीण दांडी मिळते. ती तेल लावून आत घालायची आणि फिरवत, बाजूला दाबत फुगलेलं पोलाद होतं तिथे परत ढकलायचं. माझं काम दहा मिनिटांत झालं. पुढे रिकामा चाप ओढायचा असेल तर भिंतीत स्क्रू बसवायला वापरतात तो पिवळा प्लास्टिकचा प्लग, चार-ते-सहा नंबरचा, चेंबरमध्ये घालावा. पिन त्याच्या कडेवर आदळते. प्रत्येक वेळी तो थोडा फिरवायचा.

हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि काडतुसाची कड टेकते तो काठ यांतलं अंतर, तोही याच टप्प्यावर तपासावा. .२२ लाँग रायफल या काडतुसासाठी ‘गो’ गेज (मापाचा तुकडा) ०.०४३ इंचाचं आणि ‘नो-गो’ ०.०४६ इंचाचं. पहिल्यावर बोल्ट बंद झाला पाहिजे, दुसऱ्यावर होता कामा नये. दुसऱ्यावरही बंद झाला तर रायफल झाडायची नाही, गनस्मिथकडे (बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे) न्यायची.

नळी साफ करताना दांडी नेहमी मागून, चेंबरकडून घालायची. जुन्या रायफलींची तोंडं गोळ्यांनी झिजत नाहीत, पुढून घातलेल्या जोडाच्या लोखंडी दांड्यांनी झिजतात. एकसंध दांडी, चेंबरमध्ये बसणारा मार्गदर्शक आणि .२२ चा पितळी ब्रश एवढं पुरतं. चेंबर संपून नळीच्या आतल्या पीळदार चरी सुरू होतात तिथे काजळी, मेण आणि शिशाचं कठीण कडं साचतं. .२२ शॉर्ट काडतुसं खूप झाडलेली असली तर ते जास्तच जाड असतं, कारण आखूड पुंगळीच्या पुढची चेंबरची जागा उघडी राहते. सॉल्व्हंट तिथे वीस मिनिटं मुरू द्या, ब्रश त्याच एका जागी आठ-दहा वेळा फिरवा, चिंधीने पुसा, परत करा. माझ्या रायफलीला असे चार फेरे लागले. उरलेल्या नळीला दोन फेरे पुरले. नळी साफ झाल्यावर पहिल्या गोळ्या इकडेतिकडे जातात. दहा-पंधरा गोळ्यांनी मेणाचा थर बसला की ग्रुपिंग, म्हणजे गोळ्या जवळजवळ लागणं, जमायला लागतं. त्याआधी कशाचाही निष्कर्ष काढू नये.

इथे थांबून नोंद केली. दस्ता जसाच्या तसा, साईट कारखान्याची, ५० यार्डांवर वाळूच्या पिशवीवरून पाच-पाच गोळ्यांचे पाच ग्रुप. ग्रुपचा सरासरी पसारा पावणेदोन इंच. खारीचं डोकं जेमतेम दीड इंचाचं. म्हणजे ५० यार्डांवर एक इंचाच्या आत ग्रुप आल्याशिवाय ही रायफल प्राण्यावर रोखायची नाही.

पहिला फरक काडतुसांनी पडला. .२२ काडतुसांच्या बाबतीत प्रत्येक नळीची आवड वेगळी असते, हे कुणी सांगून कळत नाही, झाडूनच कळतं. ४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), सेकंदाला १०७० फुटांच्या आसपास वेगाची स्टँडर्ड काडतुसं मी तीन जातींची घेतली आणि १२५० फुटांच्या पुढची वेगवान एका जातीची. जात बदलली की मेणही बदलतं, म्हणून प्रत्येक वेळी आधी पंधरा गोळ्या मोजणीत न धरता झाडल्या. वेगवान गोळी ध्वनीचा वेग ओलांडून निघते आणि वाटेत पुन्हा त्याच्याखाली येते. त्या वेळी ती डगमगते आणि ग्रुप पसरतो. स्टँडर्ड गोळी निघते तीच त्या वेगाखाली. माझ्या नळीला एक स्टँडर्ड काडतूस मानवलं, ग्रुप सव्वा इंचावर आला. आणखी जुन्या, १९३० पूर्वीच्या हलक्या रायफलींत तर वेगवान काडतुसं घालूच नयेत. त्या बनल्या तेव्हा ती नव्हतीच.

दुसरा फरक क्राऊनचा, म्हणजे नळीच्या तोंडाच्या आतल्या कडेचा. गोळी नळी सोडते त्या क्षणी मागचा वायू सगळ्या बाजूंनी सारखा निसटला पाहिजे. कड एका बाजूला झिजली असली तर वायू आधी तिथून निसटतो आणि गोळीच्या बुडाला धक्का देतो. ओळखायच्या दोन रीती आहेत. कान साफ करायची कापसाची काडी नळीत घालून बाहेर ओढायची. जिथे तंतू अडकतात तिथे खोट. किंवा वीस गोळ्यांनंतर तोंडावर मेण आणि काजळीचं फूल उमटतं ते पाहायचं. पाकळ्या सारख्या असल्या तर कड चांगली. माझ्या फुलाच्या खालच्या दोन पाकळ्या लांबट होत्या. हे काम मी गनस्मिथकडून लेथवर करून घेतलं, ११ अंशांचा क्राऊन. हातातल्या ड्रिलने गोल डोक्याचा स्क्रू फिरवून क्राऊन करणारे आहेत. नळीच्या आसाशी कड काटकोनात येईल याची त्यात खात्री नसते. नळी अगदी थोडी, एक अष्टमांश इंचापेक्षा कमी, गेली. ग्रुप एका इंचावर.

तिसरा, दस्त्याची बैठक. ६९-ए चा रिसीव्हर दस्त्यात एकाच मोठ्या स्क्रूवर बसतो. एका स्क्रूची रायफल नळी पूर्ण मोकळी सोडली की पुढेमागे डुलते, म्हणून नव्या रायफलींचा ‘नळी लाकडाला लागू देऊ नका’ हा सल्ला इथे आंधळेपणाने पाळू नये. आधी फुकटची चाचणी करा. दस्त्याच्या पुढच्या टोकापासून दीड इंचावर, नळीखाली व्हिजिटिंग कार्डाची एक पट्टी ठेवा, झाडा. दोन ठेवा, झाडा. काढून टाका, झाडा. स्क्रू दर वेळी सारखाच आवळा. मी १८ इंच-पौंडांवर ठेवला. माझ्याकडे एका पट्टीवर ग्रुप पाऊण इंचाच्या जवळ आला, दोनवर पुन्हा पसरला. एवढं कळल्यावरच एपॉक्सी घातलं: स्क्रूच्या आजूबाजूला रिसीव्हरखाली दीड इंच, आणि पुढे पट्टीच्या जागी पातळ थर. घालण्याआधी धातूला बुटाच्या मेणाचे दोन हात दिले आणि प्रत्येक भोक, प्रत्येक खाच मातीसारख्या पुट्टीने बुजवली. एक खाच राहिली तर एपॉक्सी आत शिरून घट्ट होतं आणि लाकूड फोडल्याशिवाय रायफल सुटत नाही. २४ तास हात लावला नाही.

आता लाकूड. मिनरल स्पिरिट आणि अगदी बारीक, चार शून्यांच्या स्टील वूलने मळ काढला, पॉलिशपेपर नाही. पेपर मारला की कडा गोल होतात, लाकूड धातूच्या पातळीखाली जातं आणि ते परत येत नाही. पोचे वाफेने वर आणले: ओलं सुती फडकं पोच्यावर, त्यावर गरम इस्त्रीचं टोक, पाच-सहा सेकंद. दबलेले तंतू फुगतात. तुटलेले तंतू फुगत नाहीत, तो ओरखडा राहू दिला. रिसीव्हरच्या मागे लाकूड तेल पिऊन काळं आणि मऊ झालेलं असतं. तिथे खडूची पूड अ‍ॅसिटोनमध्ये कालवून लेप दिला, वाळला की झटकला. तीन लेपांनी बरंचसं तेल ओढलं गेलं. मग उकळलेलं जवसाचं तेल, बोटाने चोळून, पुसून, दिवसाआड एक हात, असे सहा हात. तेलाच्या चिंध्यांचं मात्र कटाक्षाने पाहा: जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, गोळा करून टाकलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. पाण्याच्या डब्यात बुडवावी किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवावी.

बाहेरच्या गंजासाठी नळी आणि रिसीव्हर उकळले. लाल गंज उकळत्या पाण्यात काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो आणि मूळ निळसर रंग वाचतो. धातू अ‍ॅसिटोनने पूर्ण निर्तेल केला, लांब स्टीलच्या पात्रात डिस्टिल्ड पाणी दोन शेगड्यांवर ठेवलं, अर्धा तास उकळलं, बाहेर काढून धुतलेल्या, निर्तेल स्टील वूलने हलक्या हाताने काळी पूड काढली. दोन वेळा केलं. नळाच्या पाण्याने डाग पडतात. नळीत बुचं मारू नयेत, आतली हवा तापून ती उडतात. बाहेर काढल्याबरोबर कोरड्या चिंध्या आणि मग तेल.

दुर्बीण न लावता रिसीव्हर-साईट घेतली. ६९-ए चा दस्ता उघड्या साईटसाठी खाली झुकलेला आहे. दुर्बीण लावली की गाल टेकत नाही, हवेत राहतो. शिवाय शेवटच्या काळातल्या रायफली सोडल्या तर वर दुर्बीण बसवायची खाच नाही, म्हणजे भोकं पाडणं आलं. दुर्बीण हवीच असेल तर ५०-६० यार्डांना पॅरॅलॅक्स (डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसतो तो दोष) जुळवलेली .२२ ची घ्यावी, आणि गालासाठी कातडी दोरीने बांधायची गादी मिळते ती वापरावी, लाकडावर काही चिकटवू नये. जुन्या दोन भोकांतले आटे ६-४८ चे निघाले, तेच इथे नेहमीचे. स्क्रू आत किती जातो ते पाहावं; अर्धा आटा जास्त झाला तर बोल्ट घासतो. नव्या साईटची रेषा उंच असल्याने पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची साईट, बुटकी ठरली. मागची साईट सगळ्यात खाली आणूनही ५० यार्डांवर गोळी चार इंच वर जात होती. हिशोब सोपा: चूक गुणिले दोन साईटमधलं अंतर, भागिले लक्ष्याचं अंतर, सगळं इंचांत. ४ × २८ ÷ १८०० म्हणजे ०.०६२. तेवढी उंच माशी घेतली. जुनी माशी काढताना पितळी पंचाने नेमबाजाच्या डावीकडून उजवीकडे ठोकायची, नवी उजवीकडून डावीकडे बसवायची. रानात पहाटे बारीक भोकाची चकती काळी दिसते, म्हणून ती काढून नुसतं रुंद कडं ठेवलं.

चापाला हात लावला नाही. साफ केल्यावर साडेचार पौंडांवर स्वच्छ सुटतो. सिअरचा (चाप ओढेपर्यंत पिन अडवून धरणाऱ्या तुकड्याचा) कोन घासणं हे गनस्मिथचं काम. कुणी केलेलं असेल तर रिकामी रायफल कॉक (स्प्रिंग दाबून सज्ज) करून, सेफ्टी काढून, दस्त्याचं बूड रबरी चटईवर चार-पाच वेळा आपटून पाहा. पिन सुटली तर ती रायफल धोकादायक आहे.

झिरो, म्हणजे नेम आणि गोळी जुळतात ते अंतर, ४० यार्डांवर ठेवला. स्टँडर्ड काडतुसाला अशाने १० पासून ४० यार्डांपर्यंत गोळी रेषेपासून पाव-एक इंचाहून फारशी हलत नाही, ५० वर अर्ध्या इंचाहून किंचित जास्त खाली येते आणि ७५ वर तीन-चार इंच. म्हणून ५० ही माझी हद्द. वर रोखताना कोनामुळे गोळी थोडी उंच लागते, पण एवढ्या अंतरात ते लक्षात घ्यावं इतकं नाही. गोळी चुकली तर कुठे जाईल हे मात्र प्रत्येक वेळी पाहायचं. .२२ ची गोळी दीड मैलापर्यंत जाऊ शकते. बारीक फांदीवर, मागे नुसतं आकाश असलेल्या खारीवर चाप ओढायचा नाही. ती बुंध्याला लागून बसेपर्यंत थांबायचं. अंगावर भगवा-नारिंगी चमकता कपडा, पेनसिल्व्हेनियात डोकं, छाती आणि पाठ मिळून किमान २५० चौरस इंच. गाडीत बसण्याआधी मॅगझिन बाहेर, चेंबर रिकामं.

नोव्हेंबरच्या थंडीतून घरात आणलेली रायफल लगेच खोळीतून काढू नका. उबदार हवेतली वाफ थंड पोलादावर दव होऊन बसते आणि सकाळपर्यंत रिसीव्हरवर नारिंगी ठिपके उमटतात. खोळीतच तास-दीड तास राहू द्या. मग काढून बाहेरून तेलाचं फडकं फिरवा, बोल्ट कोरडा पुसा, आणि खोळ वेगळी वाळत घाला. रायफल खोळीत न ठेवता कुलूपबंद कपाटात उभी ठेवायची, तोंड खाली करून, म्हणजे नळीतलं तेल मागे दस्त्याच्या लाकडात झिरपत नाही.